फोटोपुरते उतरवलेले बोंबील

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी कल्पिता फ्रिजच्या दारावरचे गणपती काढत होती. चुंबकाचे अकरा गणपती होते. ते तिने एका डब्यात भरले, डबा ओट्याखाली ढकलला आणि दार ओल्या फडक्याने पुसलं. मग भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून खणात टाकली.

घर नागावच्या उत्तर टोकाला, आक्षीच्या बाजूला होतं. बंदरात कारकुनी करून निवृत्त झालेले हरेश्वरभाऊ पनवेलला मुलाकडे राहायला गेले आणि त्यांनी ते विकायला काढलं. विकायची घरं फोटोसाठी तयार करणं हे कल्पिताचं काम. अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात असं काम करणाऱ्या बायका तीन-चारच असतील आणि या कामाला अजून नाव पडलेलं नाही. जागांचे व्यवहार करणाऱ्या हेतल मॅडम गिऱ्हाइकाला तिची ओळख करून देताना म्हणतात, "ही आपली कल्पिता. सेटिंग करते."

सेटिंगचे नियम आता तिला पाठ आहेत. कमोडचं झाकण खाली. चपला, मच्छरदाणी, औषधाच्या पट्ट्या, न्हाणीतली बादली दृष्टीआड. पंखे बंद, दिवे सगळे चालू, भर उन्हातसुद्धा. गेलेल्या माणसांचे फोटो उतरवायचे. त्यांच्यामागे भिंतीचा जुना रंग उरतो, तो झाकायला कल्पिता शिंपल्यांच्या दोन फ्रेमा स्वतःच घेऊन फिरते. थोडक्यात, इथे कोणी राहत होतं असं दिसता कामा नये.

ती स्वतः रेवदंड्याजवळच्या थेरोंड्याची, नामा कोळ्याची मुलगी. वय एकोणचाळीस. ती कोळ्याची आहे हे हेतल मॅडमना माहीत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी नागावच्या एका होमस्टेत ती खोल्या आवरायला लागली. तिसऱ्याच दिवशी पुण्याच्या एका पाहुणीने चादर नाकाला लावली आणि मालकाला विचारलं, "हिच्या हाताला मासळीचा वास येतो का हो?" मालकाने तिला बाहेर बोलावून लिंबाचा साबण दिला. रागावला नाही, आवाजही चढवला नाही. तेव्हापासून कामाच्या दिवशी तिच्या डब्यात मासळी नसते. गाव विचारलं की ती अलिबाग सांगते. कोणी फारसं विचारतही नाही.

आठ वीसला हेतल मॅडम आल्या. सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून त्यांनी ओटीचं दार उघडलं आणि तिथेच थांबल्या.

"अरे, हे काय आहे?"

अंगणापलीकडे पुळण, पुळणीपलीकडे समुद्र. मधे बांबूंची लांबलचक वलांडी उभी होती आणि तिच्यावर बोंबील वाळत होते. जबड्यात जबडा अडकवलेल्या जोड्या, ओळीवर ओळ. काही पांढुरके आणि ताठ झालेले, अर्ध्याहून जास्त मात्र कालचेच, ओले, चकाकणारे.

"सी व्ह्यू लिहिलंय मी," हेतल मॅडम म्हणाल्या. "यात सी कुठे आहे? सगळा व्ह्यू मच्छीचाच. कोणाचं आहे हे?"

ते नीराबाईंचं होतं. साठी ओलांडलेल्या नीराबाई वलांडीखालीच कुत्रं हाकायची काठी घेऊन बसल्या होत्या. जमीन हरेश्वरभाऊंची, पण बावीस वर्षं त्या तिथे बोंबील घालत होत्या आणि दर दिवाळीला त्यांच्या घरी सोड्यांची पिशवी पोचवत होत्या. एवढाच करार.

हेतल मॅडमनी उन्हाळी टोपी सावरली आणि त्या पुळणीत उतरल्या. मागून कल्पिता.

"मावशी, हे जरा काढायला लागेल. फक्त फोटोपुरतं. मुंबईहून फोटोग्राफर येतोय, ड्रोन उडवणार."

"काढाचं?" नीराबाई उठल्या नाहीत. "कालचं ओलं हाय बाय. उतरवून ठेवू कुठं, तुज्या टोपीत?"

हेतल मॅडम हसल्या. "हरेश्वरभाऊंनी सांगितलंय, विचारा फोन लावून."

नीराबाईंची थट्टा तिथेच थांबली. भाऊंचं नाव आल्यावर बोलण्यासारखं काही उरत नव्हतं. नजर वळवायची म्हणून त्यांनी ती कल्पिताकडे वळवली आणि तिथेच ठेवली.

"तू कोनाची गो? थेरोंड्याच्या नामाची पोर न्हाय काय तू? नाक त्याचंच हाय."

हेतल मॅडमनीही मान वळवली.

"नाही," कल्पिता म्हणाली. "आम्ही अलिबागचे."

"व्हय?" नीराबाई म्हणाल्या. "मंग असंल. नाकं काय, कुनाचीबी सारकी असतात."

पुढच्या मंगळवारी रेवदंड्याला एक हळद होती. तिथे थेरोंड्याचे सगळे जाणार होते, आक्षीचेही, म्हणजे नीराबाईही. हे कल्पिताला उत्तर तोंडाबाहेर पडल्यावर आठवलं.

"किती वेल?" नीराबाईंनी आता तिलाच विचारलं.

"दोन तास. नऊला उतरवा, अकराला परत चढवा."

"तुजा शबूद?"

"हो, मावशी."

नीराबाईंनी सुनेला हाक मारली. दोघींनी जोड्या सोडवून बोंबील खाली घेतले. कल्पिताने ताडपत्री अंथरली आणि ती कडेला उभी राहिली. हात तिने मागे धरले होते. वास लागला असता. हेतल मॅडमच्या सांगण्यावरून ढीग घराच्या आडोशाला सरकवला गेला. माश्या घोंगावतात आणि दारातून वास आत येतो म्हणून त्यावर दुसरी ताडपत्री टाकून कडांना विटा ठेवल्या गेल्या. सून घरी गेली. नीराबाईंना सुक्या मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात जायचं होतं. "बारापातूर येते. तवर चढवून ठेवा कुनीतरी, न्हायतर सुनंला हाक मारा," असं सांगून त्या रिक्षात बसल्या.

फोटोग्राफर पियूष मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघाला होता. सव्वानऊला रेवसची जेटी, दहाला नागाव असा हिशेब होता. साडेनऊला त्याचा फोन आला. ओहोटी आहे, जेटीपाशी पाणी नाही, लाँच बाहेरच थांबवली आहे. "पंधरा-वीस मिनिटं म्हणतायत."

कल्पिता आत गेली, खण उघडला आणि सकाळी उतरवलेली दिनदर्शिका काढली. वद्य पंचमी. थेरोंड्यात सहा वर्षांच्या पोरालाही हा हिशेब येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पाणी परत चढून लाँच जेटीला लागायला साडेअकरा-बारा होणार, पुढे रेवसहून नागावला पाऊण तास. पंधरा-वीस मिनिटांचा प्रश्नच नव्हता. सकाळी दिनदर्शिका उतरवताना तिने नुसती नजर टाकली असती, तरी तिने 'दोन तास' हा शब्द दिला नसता.

साडेदहाला ती आडोशाला जाऊन आली. ताडपत्रीवर हात ठेवला. वरून गरम होती, ते उन्हामुळे. तिने एका कडेने हात आत घातला. आतही गरम होतं. ओले बोंबील एकावर एक पडले की ढीग आतून तापतो, मासा घामेजतो, पोटाकडे लाल पडतो आणि मग मानेतून तुटतो. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते तिला येतच होतं.

ओटीवर हेतल मॅडम लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, ते बोंबील उघडे ठेवूया का? परत चढवूया, पियूष आला की उतरवू."

"परत उतरवायचे? वेडी आहेस का. आणि तो आता येईल. ठेव झाकून, माश्या बघ किती."

"खराब होतील."

"कशावरून?"

विचारणं सरळ होतं. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलेलं. उत्तर एका वाक्याचं होतं आणि त्या वाक्यात थेरोंडा होतं, नामा होता, होडी होती. कल्पिता म्हणाली, "असंच. ऊन आहे ना."

"मग झाकलेलंच बरं," हेतल मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

कल्पिताने अकरा वाजता कुशनं पुन्हा नीट लावली. साडेअकराला काचा पुसल्या, त्या आधीच पुसलेल्या होत्या. बारा वाजले. नीराबाई आल्या नाहीत, बाजार लांबला असावा. नीराबाईंचं घर शंभर पावलांवर होतं. सुनेला हाक मारता आली असती. पण सून आली असती तर तिने ताडपत्री उचलली असती आणि कल्पिताला समोर उभं राहावं लागलं असतं. तिने हाक मारली नाही. एवढा वेळ तिने स्वतःला सांगितलं होतं की अडचण मॅडमची आहे. आता तसं सांगता येईना.

पियूष एक वाजून दहा मिनिटांनी आला. चांगला मुलगा होता, उशिराबद्दल तीनदा सॉरी म्हणाला. ड्रोन वर गेला आणि पडद्यावर घर दिसलं. पांढरं, रिकामं, समोर कोरी पुळण आणि निळा पट्टा. उघड्या वलांडीचे बांबूही फोटोत खटकेनात. "ब्यूटिफुल," पियूष म्हणाला. "रस्टिक." दोनला दहा कमी असताना सगळं आवरलं आणि हेतल मॅडम त्याला जेवायला घेऊन जायला निघाल्या. गाडीची चावी आत राहिली म्हणून त्या घरात परतल्या.

कल्पिता तोवर आडोशाला पोचली होती. तिने विटा बाजूला केल्या, ताडपत्री फेकली. वास आला. वरचा थर बरा होता, खालचा गुलाबी पडला होता. तिने ओंजळभर उचलले आणि धावत वलांडीशी नेले. दोन बोंबील, जबडा उघडायचा, एकाचा दुसऱ्यात अडकवायचा, अर्धी गिरकी, बांबूवर टाकायचे. बोटं बघावी लागत नाहीत. चार जोड्या बसल्या, पाचवीतला एक मानेतून तुटला. सहावीतले दोन्ही तुटले. तरी ती थांबली नाही. जे धरतील ते अडकवत गेली, तुटलेले पायाशी पडत गेले.

मागे कोणीतरी उभं आहे हे तिला उशिरा कळलं. नीराबाई. डोक्यावरची रिकामी पाटी अजून त्यांनी उतरवली नव्हती. त्या ढिगाकडे बघत नव्हत्या. कल्पिताच्या हातांकडे बघत होत्या.

चावी हालवत हेतल मॅडम ओटीवर आल्या. "अरे वा! कल्पिता, तुला हे पण येतं?"

कल्पिताचा हात जोडीसकट हवेत राहिला. सांगायची ही तिसरी संधी होती, न मागता मिळालेली.

"अलिबागची हाय ती," नीराबाई म्हणाल्या. "अलिबागला साळंत शिकवतात."

हेतल मॅडम मोठ्याने हसल्या. "मावशी भारी आहेत! सॉरी हं मावशी, थोडा उशीर झाला." गाडी गेली.

पुळणीवर दोघीच उरल्या. नीराबाईंनी पाटी खाली ठेवली, ढिगाशी बसल्या आणि निवडायला लागल्या. बरे एकीकडे, गेलेले एकीकडे. गेलेल्यांचा ढीग लवकरच मोठा झाला. त्याचं कुटं होतं, नारळाच्या बुडात खत म्हणून घालायला. माणसाने खायला ते उरत नाही.

"मावशी, मी नामाचीच," कल्पिता म्हणाली.

"ते मना सकालीच कललं."

"तुम्ही मघाशी मॅडमला—"

"तुज्यासाटी न्हाय केलं. बापाचं नाव परक्या बाईसमोर असं निघालेलं बरं दिसत न्हाय." त्यांनी एक बोंबील उन्हात धरून बघितला आणि गेलेल्यांत टाकला. "कवा कललं तुला, तापतात ते?"

"साडेधाला."

"आनि?"

कल्पिताने ढिगातला पुढचा बोंबील उचलला. नीराबाईंनी मान हलवली, जणू मापात कमी भरलेलं काही त्यांनी नोंदून घेतलं. शिव्या आल्या असत्या तर कल्पिताला बरं वाटलं असतं. आल्या नाहीत. दोघींनी तीनपर्यंत निवडलं. चांगले निघाले ते कल्पिताने चढवले, वलांडीच्या दोन ओळी जेमतेम भरल्या. सकाळी सात ओळी होत्या.

निघताना तिने विचारलं, "उद्या येऊ का? नवीन घालायला?"

"तुजं फोटोचं काम न्हाय?"

"आहे. किहीमला, आठला."

"मंग इचारतेस कशाला?" नीराबाईंनी काठी उचलली. कुत्री आली होती. "येनारा येतो. सहाला चालू होतं, कुनासाटी थांबत न्हाय."

रेवदंड्याच्या बसमध्ये कल्पिताने हेतल मॅडमना मेसेज लिहायला घेतला. 'तब्येत बरी नाही' लिहिलं आणि खोडलं. 'आक्षीला बोंबील घालायला' इतकं लिहिलं आणि तेही खोडलं. शेवटी गेला तो असा: 'उद्या किहीमला दहाला येते, एक काम आहे.' कोणतं काम ते लिहिलं नव्हतं. पलीकडून अंगठा आला. सोबत पियूषने पाठवलेला पहिला फोटो होता: घर, पुळण, समुद्र. तिने तो मोठा करून बघितला नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईने खिडकी उघडली तेव्हा कल्पिताने दोन्ही हात पिशवीखाली घेतले. मग घेतल्याचं तिच्या लक्षात आलं, तरी बाहेर काढले नाहीत.

उद्या शुक्रवार, वद्य षष्ठी. भरती पहाटे साडेचारला आहे. नीराबाईंच्या मुलाची, विनेशची होडी पाचच्या आत आक्षीच्या खाडीत शिरते आणि सहाला बोंबील वलांडीवर चढायला लागतात.