सुरेखाच्या वाक्यांची वही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. लातूरच्या बँकेत मला सगळे ‘हुशार मॅडम’ म्हणतात, तेव्हा मी मान खाली घालून कामाला लागते.

बँकेच्या परीक्षेच्या तयारीसाठी मी अहमदपूरहून नांदेडला आले, तेव्हा अभ्यासिकेत शेजारची खुर्ची सुरेखाची होती. ती कंधारची. इंग्रजीची वही आम्ही दोघींत एकच ठेवली होती. रोज दहा शब्द — समानार्थी, गोंधळात टाकणारे, वाक्प्रचार. शब्द मी शोधायचे, लक्षात राहावेत म्हणून वाक्यं ती जोडायची. ‘रिलक्टंट’पुढे तिनं लिहिलं होतं : चार वेळा ‘जेवा’ म्हणलं तरी ताटावर न बसणारे आमचे मामा. ‘वन्स इन अ ब्लू मून’पुढे : कंधारची गाडी वेळेवर लागणं. अशी वाक्यं मला सुचत नसत. सराव परीक्षेतही ती नेहमी माझ्या पुढे — आणि सांगूनच टाकते, मला ते खुपायचं.

तिला घरून ही शेवटची संधी होती. नाही जमलं तर लग्न. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

परीक्षा तोंडावर आली असताना मी गावी जाऊन आले. वही नेण्याची पाळी माझी होती. परत आल्यावर म्हणाले — वही एसटीत राहिली. वही माझ्या पिशवीत होती, ओढणीखाली. वाटलं, आता ही चिडेल, रडेल. तर तीच माझी समजूत घालू लागली, “जाऊ दे गं. तू कशाला तोंड पाडून बसून राहिलीस? डोक्यातलं कोण नेतंय?”

मग तीन दिवस ती सगळं आठवून आठवून लिहीत बसली. दोन प्रती केल्या. एक माझ्यासाठी. मी ती घेतली — मुकाट्यानं. तेव्हा तरी बोलायला नको होतं का?

निकालात माझं नाव होतं. तिचं थोडक्यात हुकलं, गणितात. ते तीन दिवस तिनं गणितासाठी राखून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत पेढे तिनंच आणले. वाटता वाटता सगळ्यांना सांगत होती, “वही हरवली तरीबी पास झाली बघा ही. लई जिद्दीची हाय.” पोरींनी टाळ्या वाजवल्या. एक पेढा तिनं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला.

मी तो खाल्ला.