अळम्यांची जात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर पुढ्यातला चहा उचलून नेईन, सांगून ठेवते!

डिचोलीच्या भर बाजारात, माझ्याच तोंडानं, मी अशी काही फजिती करून घेतली की अजून फुलवाल्या मला बघून पदर तोंडाला लावतात.

तेव्हा आमच्या घरात अबोला होता. माझी लेक दीक्षा डिचोलीत औषधांच्या दुकानात कामाला. तिला एक मुलगा आवडला, महेश. बेळगावकडचा, इथल्याच कारखान्यात नोकरीला. तिनं नाव सांगितलं आणि मी पहिला प्रश्न टाकला, "जात कुठली त्याची?" आडनावाच्या शेवटी 'कर'. त्यावरून काय कळणार? आमच्या गोव्यात तर दगडालाही गावाचं नाव लावून 'कर' म्हणता येईल!

"आई, एकदा भेट तरी त्याला."

"आधी जात, मग भेट."

"मग राहू दे. मी लग्नच करत नाही," म्हणाली, आणि बोलायची बंद झाली. डबा ठेवला तर न्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. जनेलातून बाहेर बघायची! पोटची पोर हातची जाते की काय, या धास्तीनं मला घास गोड लागेना. पण माघार घेईन तर मी कसली?

त्यात श्रावण. मासळी बंद. रानातल्या अळम्यांना, तुम्ही मश्रूम म्हणता त्यांना, सोन्याचा भाव. म्हणून मी मागच्या मांगरात, परसातल्या छपरात, घरीच अळमी लावली होती. गवत उकडायचं, पिशव्यांत भरायचं, मध्ये बी घालायचं आणि टांगायचं. डिचोलीच्या बीवाल्याकडून बियाची पाकिटं दोन आणली होती. वर सगळं इंग्रजीत, आणि माझी शाळा चौथीत संपलेली. बी ते बी, म्हणून मी एक रांग एका पाकिटाची केली, दुसरी दुसऱ्याची.

पहिल्या रांगेत बघता बघता गुलाबी झुबके फुटले, करवल्या नटून उभ्या राहाव्यात तसे! आणि दुसरी रांग? पांढरी बुरशी अंगावर ओढून गाढ झोपलेली. तेच छप्पर, तेच पाणी, तोच माझा हात. मग हे फसवणं नाही तर काय?

बीवाल्याला फोन लावला. "रे, तुझ्या बियाच्या अर्ध्या पिशव्या फुटल्या आणि अर्ध्या मेल्या!"

तो शांतपणे म्हणाला, "बाय, जात कुठली तुमची?"

"काय म्हणालास?"

"जात. आधी जात सांगा, मग पुढचं सांगतो."

"माझ्या जातीचा आणि पिशव्यांचा काय संबंध रे?"

"असं कसं? सगळं जातीवरच तर असतं. काही जाती भराभर वर येतात, काही मागं राहतात. त्यांना वेळ द्यायला लागतो."

माझ्या कानातून धूर!

"तुमची ती मागं राहणाऱ्यातली दिसते," तो आणखी म्हणतो, "तिच्यावर माती घालायला हवी."

"तुझ्या तोंडावर घालते माती! थांब, आलेच!"

झोपलेली एक पिशवी काखोटीला मारली आणि बस धरली. त्याच्या दुकानासमोर उभी राहिले आणि असा आवाज लावला की समोरचा पाववाला पाव मोजायचा थांबला. "बाईमाणसाला फोनवर जात विचारतोस? लाज नाही वाटत? माणसाचे कष्ट बघ, स्वभाव बघ! जात काय चाटायची आहे?"

लोक जमले. "बरोबर बोलते बाय," कुणीतरी म्हणालं. मग काय, मला आणखी जोर चढला!

बीवाल्यानं हात जोडले. माझ्या काखेतली पिशवी घेतली, उजेडात धरली. "बाय, मी हिची जात विचारत होतो. तुमची नव्हे. ही दुधी अळमी. गुलाबी पटकन येते आणि पटकन मान टाकते. ही सावकाश वाढते, पण चांगली टिकते. आता गवतावर मातीचा थर घाला, येईल वर. मेलेली नाही ही."

बाजार हसला! पाववाला तर बसल्या कदेलीवरून, खुर्चीवरून, पडायचा राहिला. मी पिशवी घेऊन वळले, तर मागे दीक्षा. दुकानाचा कोट अंगात. पहिल्या शब्दापासून ऐकत होती.

ती हसली नाही. बऱ्याच दिवसांनी बोलली. "आई, हे सगळं कुणासाठी बोललीस?"

"अळम्यांसाठी," मी म्हटलं.

"अळम्यांसाठी एवढं! मग महेशसाठी थोडं ठेव ना."

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि डोक्यात तेच. मला कुणी जात विचारली असं नुसतं वाटलं, तर मी बस धरून भांडायला आले. त्या पोराला तर मी तोंडसुद्धा न बघता विचारली होती. त्यानं कुठल्या बाजारात जाऊन ओरडायचं?

उतरताना दीक्षाला फोन केला. "रविवारी जेवायला आण त्याला. आणि उशीर करू नका, तोणाक गार होतं."

आला. गुलाबी अळम्यांचं रसदार तोणाक तीनदा मागून घेतलं, ताट स्वतः उचलून नेलं, जाताना वाकून पाया पडला. प्रश्न जिभेवर आला होता, खोटं कशाला बोलू? पण बाजारात एवढं ओरडल्यावर विचारायला तोंड कुठं उरलं होतं?

तो गेल्यावर आमचे हे, जे इतके दिवस दोघींच्या मध्ये मुके होऊन बसले होते, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तुझ्या तोंडानं आजवर वाड्यावरची किती लग्नं मोडली गो! एक जुळलं, तेही तुला कळायच्या आत."