दर्याचा पाव्हणा

“पाव्हणा कोण, ते आधी ठरवा.”

प्रेसच्या दारात चप्पल काढता काढताच डॉक्टरांचं हे वाक्य सुरू व्हायचं. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. हेल्मेट माझ्या टेबलावर, नेमकं शाई ओली असलेल्या कागदावर ठेवायचे आणि बोलायला लागायचे. विषय एकच, शार्क.

हिंगोलीत बसून शार्क! तुम्ही हसाल, मीही हसायचो. इथून समुद्र गाठायचा तर एक दिवस अन् एक रात्र मोडते. हे गृहस्थ सेनगावकडच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. पदवीचे डॉक्टर नव्हते, पण म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडकलेलं रेडकू काढणाऱ्या माणसाला गाव डॉक्टरच म्हणतं. मीही तेच म्हणायचो.

माझी प्रेस लग्नपत्रिकांची आणि शाळेच्या दाखल्यांची. डॉक्टरांनी शार्कवर लिहिलेली कादंबरी छापायच्या भानगडीत मी का पडलो, असं बायको अजून विचारते. खरं सांगायचं तर हस्तलिखित वाचायला घेतलं आणि दुपारचं जेवण राहून गेलं. गोष्ट सोडवत नव्हती.

तरुणपणी एका प्रशिक्षणासाठी ते कोकणात गेले होते. तिथल्या एका खलाशानं त्यांना सांगितलं होतं, की खोल पाण्यात शार्कचे पर तेवढे कापून घेतात आणि धड तसंच जिवंत पाण्यात टाकून देतात. “जित्तं टाकतेत, भाऊ,” एवढंच ते म्हणायचे. मग चष्मा पुसायचे आणि प्रुफं मागायचे.

त्या प्रुफांनी माझं डोकं उठवलं. पाच वेळा तपासून दिलेलं पान ते सहाव्यांदा परत आणायचे. सकाळी सहाला फोन. मी दात घासत असायचो आणि तिकडून आवाज यायचा, “बेचाळीस पानावर शार्क गुरगुरला. कोणी गुरगुरवला?”

मीच गुरगुरवला होता. वाचकाला जरा आवाज लागतो, असं मी समजावलं.

“त्याला गळाच न्हाई, गुरगुरंल कुठून? तुमी काय कुत्रं पाळून राहिले का माझ्या पुस्तकात?”

गुरगुर काढली. पुढच्या पानावर शार्कनं सूड घेतला होता, तेही काढायला लावलं. जनावर सूड घेत नाही, भ्यालं की चावतं, यावर अर्धा तास ऐकवलं. लाथ मारणाऱ्या म्हशींचे दाखले दिले. तोवर दोन गिऱ्हाइकं पत्रिका न बघताच निघून गेली. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते नावाबद्दल.

त्यांनी कादंबरीला नाव दिलं होतं ‘दर्याचा पाव्हणा’. समुद्र हे शार्कचं घर, माणूस तिथं पाव्हणा. पाव्हण्यानं घरात दांडगाई केली की जे होतं ते गोष्टीत होतं. मी म्हटलं, डॉक्टर, आपल्याकडं पाव्हणा म्हटलं की सोयरीक आठवते. लोकांना वाटेल लग्नाचं पुस्तक आहे. ते हसले, पण नाव बदलू दिलं नाही.

मी बदललं. विचारलं नाही. मुखपृष्ठावर लाल अक्षरांत छापलं ‘दातांचा दर्या’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘माणसाच्या रक्ताला चटावलेला राक्षस’. पहिली प्रत त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “छापून झालं ना? मग ऱ्हाऊ द्या.” ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुस्तक चाललं. स्टँडवरच्या स्टॉलवर, गावोगावच्या वाचनालयांत. मी त्यांना म्हणालोही, बघा, नावाची कमाल.

मग धरणाजवळच्या एका गावचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला. मिशांचा, रुंद तोंडाचा एक मोठा मासा काठ्यांनी ठेचून रस्त्यावर टाकलेला. भोवती माणसं. एकाच्या हातात आमचं पुस्तक, मुखपृष्ठ समोर धरलेलं. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या धरणात शार्क सापडला’. नदीचा साधा मासा तो. इथल्या बाजारात विकायला येतो.

डॉक्टर त्या दिवशी चप्पल न काढताच आत आले. मोबाइल माझ्यापुढं धरला.

“मारून खाल्ला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं,” ते म्हणाले. “कोणी खाल्ला न्हाई, भाऊ.”

पुस्तकाचं नाव मी दिलेलं होतं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

दुसऱ्या आवृत्तीत शेवटी एक पान घालायचं ठरलं. त्यांनी ते एका बैठकीत लिहून दिलं. शार्क माणसाच्या मागे लागत नाही. माणूसच त्याच्या मागे लागला आहे. तो संपला तर समुद्राची घडी विस्कटेल. या पुस्तकानं भीती घातली असेल तर ती मनातून काढून टाका. मी शब्द दिला.

सोळा पानांच्या हिशोबानं छपाई चालते, एखादंच पान वाढवता येत नाही. शेवटी एकच पान मोकळं होतं. त्यावर माझ्या प्रेसची जाहिरात आधीच जोडलेली होती. वेळ कमी होता, लग्नसराई तोंडावर. मी मनाशी म्हटलं, डॉक्टरांचं पान पुढच्या आवृत्तीत घेऊ.

त्यांनी प्रत उघडली ती शेवटूनच. तिथं गणपती, दोन केळीचे खांब आणि ‘आकर्षक लग्नपत्रिका मिळतील’. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, “पाव्हण्यांची सोय चांगली केली तुमी.”

त्यानंतर ते प्रेसमध्ये आले नाहीत. कानावर यायचं, डॉक्टर मोटरसायकलवर फिरून राहिले. आपल्या पानाच्या झेरॉक्स काढून, डिंकाची बाटली घेऊन ते वाचनालयं गाठायचे आणि प्रत्येक प्रतीत माझ्या जाहिरातीवर ते पान चिकटवायचे. सेनगाव झालं, नरसी झालं, शिरड शहापूर झालं. मी फोन करायचं रोज ठरवायचो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. मग छातीत कळ येऊन ते घरीच वारले. मी मयतीला मागच्या रांगेत उभा होतो.

महिन्याभरानं सेनगावच्या वाचनालयात गेलो. तिथल्या मावशींनी प्रत काढून दिली. शेवटचं पान नीट, एकही सुरकुती न पडता चिकटवलेलं होतं. त्याखाली कोण्या वाचकानं पेन्सिलीनं विचारलं होतं, ‘शार्क एवढा गरीब हाय तर पुस्तकाला असं नाव काहून दिलं?’

त्याखाली हिरव्या शाईत उत्तर होतं. ते अक्षर मी शेकडो प्रुफांवर पाहिलेलं, त्याच्यावर चिडलेलो. ‘नाव देण्यात माझी चूक झाली. माफी असावी.’ आणि खाली त्यांची सही.

मी कितीतरी वेळ ती ओळ वाचत होतो. सहीच्या खाली दोन बोटं जागा शिल्लक होती. मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.

“साहेब,” मावशी टेबलामागून म्हणाल्या, “वाचनालयाचं पुस्तक हाय. त्याच्यावर काही लिहू नका.”

मी हो म्हणालो आणि पेन बंद केलं.