निम्मं रक्त आईचं

माहेर कुठलं, असं कुणी विचारलं की साठी उलटलेली केराबाई अजूनही विषय बदलायची. सांगोल्याकडच्या त्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, की तिचं माहेर म्हणजे येडू धनगर. तो उन्हाळ्यात मेंढरं घेऊन भीमेपल्याड कन्नड मुलखात गेला होता. तिथं बाभळीखाली, इरकली लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली ही पोर त्याला सापडली. आसपास विचारून पाहिलं, कुणी पुढं आलं नाही. शेळीच्या दुधावर जगवत त्यानं तिला वाडीवर आणलं आणि बिरोबाच्या पायाशी घालून कपाळी भंडारा लावला. देवानंच पदरात घेतली म्हटल्यावर कूळ मिळालं, देवक मिळालं. त्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही.

येडूनं तिला काही कमी पडू दिलं नाही. तरी कुणाच्या घरी बाळंतपण झालं आणि अंगणात नाळेबरोबर पडलेली वार पुरायला खड्डा खणू लागले, की केराबाई पाणी आणायच्या निमित्तानं तिथून निघायची. आपली कुठं पुरली असेल?

यंदा सोलापूरहून डॉक्टरांची गाडी आली. रक्ताचा एक आजार धनगर घरांत कितपत आहे, ते तपासायला.

"आत्या, रगतावरनं समदं कळतंय आता," सून सोनम भाकरी थापता थापता म्हणाली. "वाडवडील कुटनं आलं ते बी. तुमी मला किती बोलता, तेवढं कळाय पायजे."

केराबाई हसली नाही. देवापुढं दिवा लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती समाजमंदिरात सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंचं नाव ऋतुजा. त्यांनी विचारलं, "मावशी, आईचे आईवडील, वडिलांचे आईवडील, सगळे धनगरच ना?"

"व्हय की," केराबाई म्हणाली. येडूचे आईबाप धनगर, त्याच्या बायकोचेही. यात खोटं काय होतं?

सुई कोपराच्या लवणीत गेली. नळी लाल झाली, तशी तिनं हळूच विचारलं, "बाई, माझ्या आयचं गाव कवा कळंल?"

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. बाभूळ, फडकं, भंडारा. ऋतुजाबाईंनी नळी हातात धरूनच ऐकलं.

"मावशी, रक्तात गाव लिहिलेलं नसतं. जातही नसते. ती आम्ही विचारतो आणि नळीवर लिहितो."

"मग इचारता कशापायी?"

"पिढ्यानपिढ्या नात्यातच लग्नं झाली, की काही आजार त्याच घरांत फिरत राहतात. म्हणून जन्माचं नातं बघतो. तुमचं रक्त यात धरता येणार नाही."

"भंडारा लागलाय की मला."

"तुम्ही धनगरच आहात, मावशी. फक्त या कामाला चालत नाही."

"मग त्या नळीचं काय?"

"नष्ट करावी लागेल."

केराबाई नळीकडं बघत राहिली. "आयचं काय हाय का त्यात?"

"निम्मं," ऋतुजाबाई म्हणाल्या. "प्रत्येकाचं निम्मं आईकडूनच येतं."

"मग टाकू नगा."

"नियम आहे, मावशी. मला परत देता येत नाही."

त्यांनी सुईच्या जागी कापसाचा बोळा दाबून धरला. केराबाईनं हात दुमडला, तो वाट संपेपर्यंत उलगडलाच नाही.

घरी आल्यावर ती आत न जाता सरळ मेंढरांच्या वाड्याकडं गेली. कुंपणाच्या कोपऱ्यात खुरप्यानं खड्डा केला. लाल डाग पडलेला बोळा आत ठेवला.

"काय पुरताय, आत्या?" सोनम मागून आली.

"वार."

सोनम तशीच मागं फिरली. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि बिरोबापुढची भंडाऱ्याची वाटीही.

केराबाईनं माती लोटली, ओली केली, वर भंडाऱ्याची चिमूट सोडली. मग भीमेच्या बाजूला तोंड करून ती तिथंच बसून राहिली. मेंढरं परतली, तिच्या अंगाला घासून आत गेली, तरी ती उठली नाही.