खाली काय लिहिलंय?

पहिल्याच निकालावर गप्प बसणारी माणसं माझ्या आत्याला माणसंच वाटत नाहीत. ती फौजदारी अपिलांची वकील. खालच्या कोर्टात शिक्षा झालेले लोक महिन्याच्या मुदतीत धावत आमच्या घरी येतात आणि आत्या त्यांचं एक अक्षर ऐकून घेत नाही. “काय घडलं ते नको मला. खाली काय लिहून घेतलंय ते दाखव!” वर अपिलात, सेशन्स कोर्टात, साक्षीदार काही पुन्हा उभे राहत नाहीत, जे आहे ते कागदावर, असं तिचं म्हणणं. मग ती नारळ खवायला बसणार आणि साक्षींच्या नकला मी मोठ्याने वाचायच्या.

घरातही तोच कायदा. बायकोने लेकीचा मोबाईल काढून घेतला तेव्हा लेक थेट आत्याकडे गेली. “आजी, मी त्यावर अभ्यासच करत होते!”

“हे आईसमोर बोलली होतीस? नाही ना? मग इथे नवं काही चालायचं नाही.” लेकीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात आत्या बायकोकडे वळली, “अपील चालू आहे तोवर शिक्षेला स्थगिती. मोबाईल दे तिला.” ते अपील अजून चालूच आहे.

पूर्णगडचा एक खलाशी असाच आला. बंदरावरच्या मारामारीत एकाचं डोकं फोडलं म्हणून त्याला सहा महिन्यांची कैद झाली होती. शिक्षा कायम झाली तर बोटीवरचं काम जाणार होतं. तो बोलायला तोंड उघडी आणि आत्या त्याला थांबवी. एका दुपारी मी वाचत असताना तिचा हात थबकला. साक्षीदार म्हणत होता, काठी मागून मारली. डॉक्टर म्हणत होते, जखम कपाळावर. सेशन्स कोर्टात त्या दोन ओळींवर ती अशी काही बोलली की मागच्या बाकावर माझी छाती फुगली. तो निर्दोष सुटला.

दुसऱ्या दिवशी तो सुरमई घेऊन आला आणि ओटीवर बसूनच राहिला. “वकीलबाय, आता तरी ऐकता काय? मी मारलंच नाय त्याला. सोडवायला गेल्लो.” खालच्या कोर्टात ‘काही सांगायचंय का’ असं विचारलं तेव्हा घाबरून तो ‘खोटं आहे’ एवढंच म्हणाला होता.

आत्याने खवणी बाजूला सारली. “सांग. पहिल्यापासून सांग.” दिवेलागणीपर्यंत तो बोलत होता.

तो गेल्यावर ती म्हणाली, “यातलं कागदावर काहीच नव्हतं रे.”

आजही ती आधी कागदच मागते. पण निकाल लागला की सुटलेल्याला घरी बोलावून सगळं ऐकून घेते. जे सुटत नाहीत, त्यांचं ऐकायला ती तुरुंगात जाते.