घूस की मुशी

"डावा जबडाच काढलाय म्हणं मिरजेत. आता मास्तर बोलणार कशानं?" प्रयोगशाळेच्या दाराशी शिपाई कुणाला तरी सांगत होता. आत मी वही उघडून बसले होते.

मास्तर कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रयोग दाखवत. आमचे शेजारी, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. अख्ख्या कोल्हापुरात माणसांच्या दोनच जाती, घूस आणि मुशी, असं ते छातीठोकपणे सांगत. घुशीचे पुढचे दात जन्मभर वाढतात. कुरतडणं थांबलं की तेच वळून तिच्या टाळूत घुसतात. समुद्रातल्या मुशीचा, म्हणजे शार्क माशाचा, दात पडला, की मागच्या रांगेतला पुढे येतो. "आपला वाणी घूस. आमची सासू मुशी, शंभर रांगा!" असं ते नळावर मामींच्या देखत म्हणत. वर्गात जबडे दाखवायला घूस त्यांना गुळाच्या वखारीत फुकट मिळाली, वर हमालांनी त्यांचेच आभार मानले. मुशीचं डोकं मात्र रत्नागिरीहून लॉरीने निघालं आणि मलकापूरलाच अडलं. "हे पावणं उतरल्याबिगर गाडी हलत न्हाय," ड्रायव्हर नाक दाबून म्हणाला. मामांनी ते सायकलवर बांधून आणलं आणि आंघोळीच्या हंड्यात उकळलं. मामी त्याच दिवशी नृसिंहवाडीला माहेरी गेल्या, त्या महिन्याने परतल्या.

मामांच्या तोंडात तंबाखू कायम. "मी घूस हाय, पोरी. बोलायचं थांबलो की संपलो. आन् तू गं?" रोज विचारायचे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी; मराठीत चुका होतील म्हणून वर्गातल्या मुलांसमोर तोंडच उघडत नसे. मी चपलांकडे बघत राही. "ऱ्हाऊ दे. दात दिसल्याबिगर सांगता येत न्हाय."

मामा पुढे दिवाळीपर्यंत जगले नाहीत. मला आठवतो तो ऑपरेशननंतरचा हा पहिला तास. तो जमला नाही तर घरी बसा, असं विभागप्रमुखांनी त्यांना कळवलं होतं, आणि प्रमुख स्वतः दारात उभे होते. मामा आले ते भर उन्हात मफलर गुंडाळून, एक गाल आत गेलेला. टेबलावर त्यांनी दोन्ही जबडे मांडले, छडी घुशीच्या दातावर टेकवली. तोंडातून नुसता ओला घरघराट आला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मामांनी रुमालाने हनुवटी पुसली, पुन्हा छडी टेकवली. आता ती दातावर टकटक वाजत होती. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं.

मी उभी राहिले. बाक करकरला, सगळे वळले.

"घुशीचा दात जन्मभर वाढतो," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि छडी सावकाश मुशीच्या जबड्यावर नेली.

"आणि मुशीचा पडला, तर मागचा पुढे येतो."