नवरदेवाची पार्टी

धारच्या बसस्टँडवर आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या हातात पिशवी दिली आणि एवढंच म्हणाले, "तिकडे मर्दासारखा राहा. रडगाणं नको." मागे आई डोळे पुसत होती, तिला रडायची परवानगी होती. अक्का, नाना, तुम्ही दोघं भावंडं खिडकीखाली उभे होतात. देवास काही सातासमुद्रापार नव्हे, पण आपल्या घरातून कारखान्यात जाणारा मी पहिलाच, तेव्हा तुमचे चेहरे असे की जणू मी लढाईवर निघालोय.

खरं तर पहिल्याच आठवड्यात रडगाणं गायलो असतो, पण ऐकणार कोण? नव्वदीतली ती वर्षं. खोलीत आम्ही चौघं, बाकी तिघं महाराष्ट्रातून आलेले. आपल्या घरातलं आजोबांच्या वेळचं मराठी आणि वर माझं माळवी वळणाचं "हाँ भिया" ऐकून त्यांची हसून मुरकुंडी वळायची. बायका गावी, पगार हातात आणि संध्याकाळी करायला काही नाही.

त्यातून एक प्रथा पडली होती, नवरदेवाची पार्टी. कुणाचं लग्न ठरलं की मित्रांनी त्याला हायवेवरच्या ढाब्यावर न्यायचं, पाजायचं आणि पुढे एका वस्तीत बाईकडे नेऊन "मर्द करून" आणायचं. नको म्हणेल तो बायल्या. निरोध मागेल तो त्याहून बायल्या. या सगळ्याचा सूत्रधार आमचा सुपरवायझर दिनकर. माणूस दिलदार, अडल्यानडल्याला पहिला धावणारा, पण मिशीला पीळ जरा जास्तच. मी पोटदुखीचं निमित्त काढून सटकायचो.

पुढे एका संस्थेची मुलं गेटबाहेर पुरुषांच्या बैठका घेऊ लागली. एचआयव्ही, निरोध, बायकोशी मोकळेपणाने बोलणं, असले विषय. आम्ही फुकटच्या चहासाठी बसायचो. मग कारखान्यातल्या शेजारच्या शॉपमधला, म्हणजे विभागातला, एक जण याच आजाराने गेला आणि त्याच्या बायकोला सासरच्यांनी अवदसा म्हणून हाकललं. आजार आणला नवऱ्याने आणि घराबाहेर ती! माझं डोकंच फिरलं.

त्याच सुमारास आमच्या शॉपमधल्या सुरेशचं धारकडच्या अमझेऱ्याच्या मुलीशी लग्न ठरलं. मी जाहीर केलं, या वेळची पार्टी जिल्हा अस्पतालात. सुरेशला एकट्याला लाज वाटेल, म्हणून सगळ्यांनीच रक्त तपासायचं.

"काय भिया, बारात अस्पतालमध्ये?" दिनकर खो खो हसला.

"घाबरत असशील तर नको येऊस," मी म्हणालो.

झालं! तो सगळ्यांच्या पुढे जाऊन रांगेत उभा राहिला.

रिपोर्ट ज्याचा त्याला, बंद खोलीत सांगितला. सुरेश नाचतच बाहेर आला. दिनकरही हसत आला आणि सगळ्यांना पोहे-जिलेबी खाऊ घातली.

रविवारी दुपारी तो माझ्या दारात उभा. एव्हाना मी दोन खोल्या घेऊन संसार थाटला होता, पण बायको बाळंतपणाला धारला गेलेली. तो खाली बसला आणि म्हणाला, "मला आहे." मी पाणी दिलं, ते त्याच्याने पिववेना.

"माझ्या मालतीला कळता कामा नये," तो म्हणाला. "बाईमाणूस. कोलमडेल."

"वहिनी कोलमडणार नाहीत, भांडतील. तू त्याला भितोयस." मी चिडलोच होतो. सांगणं त्याचं काम, ते मी करणार नव्हतो. पण त्या माउलीचा जीव धोक्यात घालून मला गप्पही बसवेना. शेवटी म्हणालो, "सांगेपर्यंत घरी झोपायचं नाही. इथे झोप."

नाइट शिफ्टचं खोटं सांगून तो माझ्याकडे झोपू लागला. रोज म्हणायचा, उद्या सांगतो. असा आठवडा गेला. पण शिफ्टचं बिंग कँटीनवाल्याकडून फुटलं आणि एका सकाळी मालतीवहिनी माझ्या दारात येऊन गरजल्या, "कुठे आहे ती?" त्यांना वाटलं, मी मित्रासाठी सवत लपवलीय! आत पाहतात तर नवरा गंजिफ्रॉकवर कणीक मळतोय.

"कुणी नाही गं," दिनकर म्हणाला आणि हात पिठात तसेच ठेवून लहान मुलासारखा रडू लागला. मग त्याने सगळं सांगितलं. ढाबा, वस्ती, रिपोर्ट, सगळं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून वहिनींचा आवाज चढत गेला. मिशीवाला एकदाही उलट बोलला नाही.

त्याच दुपारी वहिनी तपासणीला गेल्या, नवऱ्याला सोबत घेऊन. सुदैवाने त्यांना काही नव्हतं. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही नव्हतं. मधल्या काळात त्या पीपलरावां गावी भावाकडे राहिल्या. परतल्या त्या स्वतःच्या अटींवर: निरोधाशिवाय जवळ यायचं नाही, दारू बंद, आणि संस्थेच्या बैठकीत त्याने स्वतः बोलायचं. दिनकरने तिन्ही अटी मानल्या. पुढे इंदूरला सरकारी औषधं मिळू लागली आणि गडी पुन्हा बाळसं धरू लागला.

आता आमच्या शॉपमध्ये कुणाचं लग्न ठरलं की दिनकरच त्याला स्कूटरवर मागे बसवून तपासणीला नेतो. बैठकीत पोरांना सांगतो, "मला भीती वाटत होती, पण ती कुणाला सांगायचीच भीती जास्त होती." पोरं हसत नाहीत.

अक्का, नाना, दर दिवाळीला तुम्ही विचारता, परत कधी येणार? धारचं घर माझं आहेच. तिथे मला जेवायला मिळतं, मान मिळतो. दादांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. ते घाबरले होते, मला दिसत होतं, पण त्यांना तसं म्हणता आलं नाही आणि मला 'भीती वाटते का?' असं विचारता आलं नाही. देवासला मला विचारता येतं. म्हणून राहिलोय. रागावू नका.